मालवणात सिंकहोल पडू शकतं का?

१३ जून २०२१. मुंबईतल्या घाटकोपरमध्ये एका सोसायटीत उभी असलेली कार बघता बघता जमिनीत गडप झाली. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. ‘सिंकहोल’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला तो अशाच व्हिडिओंमुळे. प्रत्यक्षात तिथे जुनी विहीर होती आणि तिच्यावर काँक्रीट घालून पार्किंग केलेलं होतं.

खरं सिंकहोल चुनखडीच्या प्रदेशात पडतं. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडक हळूहळू विरघळवतं. आत पोकळी वाढत जाते, वरचं छत पातळ होतं आणि एक दिवस कोसळतं. अमेरिकेतलं फ्लोरिडा यासाठीच बदनाम आहे. तुर्कस्तानच्या कोन्या भागात शेतीसाठी भूजलाचा बेसुमार उपसा झाला, पोकळ्यांना असलेला पाण्याचा आधार गेला आणि खड्ड्यांची संख्या वाढली.

मालवणची जमीन वेगळी आहे. इथले सडे जांभ्याचे. वर्षाला साधारण ३,००० मिमी पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. अशा पावसाने हजारो-लाखो वर्षांत खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिलं, तोच हा जांभा. तो पाण्यात विरघळत नाही. म्हणून फ्लोरिडासारखं सिंकहोल इथे अपेक्षित नाही.

पण इथेच थांबता येत नाही. जांभ्याचं वरचं कवच कडक असलं तरी ते सच्छिद्र, भेगाळलेलं असतं आणि त्याच्याखाली बऱ्याच ठिकाणी मऊ चिकणमाती असते. भेगांतून उतरलेलं पाणी उताराकडे वाट शोधतं आणि जाताना ही माती कणाकणाने वाहून नेतं. आत नळीसारखा बोगदा तयार होतो. याला ‘सॉइल पायपिंग’ म्हणतात. केरळमध्ये कन्नूर, कासारगोड, इडुक्की या जिल्ह्यांत असे बोगदे सापडले आहेत; तिरुवनंतपुरमच्या राष्ट्रीय भूविज्ञान अभ्यास केंद्राने त्यांचा अभ्यास केला आहे. कन्नूर-कासारगोडचा जांभा आणि आपला जांभा यांत फार अंतर नाही. चिरेखाणीत वरचं कवच काढलं आणि खड्डा तसाच सोडला, की तुंबलेल्या पाण्याला खालच्या मातीपर्यंत जायला आयती वाट मिळते.

किनाऱ्यावरची गोष्ट आणखी निराळी. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. अशा ठिकाणी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या दगडांमधल्या फटींतून लाटा मागची वाळू ओढून नेऊ शकतात. वरून जमीन ठीक दिसते, पाय पडला की खचते.

उरला माणसाने केलेला पोकळपणा. ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला एक अख्खं घर जमिनीत गेलं. खाली जुनी कोळसा खाण होती. मालवणात कोळसा नाही, पण घाटकोपरसारख्या बुजवलेल्या ‘बावी’ मात्र आहेत. जुनं परसू विकत घेताना बाव कुठे होती हे शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं. सातबाऱ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

पावसाळ्यात अंगणात गोलाकार भेग पडली, सड्याखालच्या झऱ्याला अचानक गढूळ पाणी आलं किंवा माडाच्या बुंध्याजवळची जमीन बसली, तर तिथे माती ओतून खड्डा बुजवू नका. आत पाणी वाहत असेल तर ती मातीही जाईल. जागेभोवती दोरी बांधा, पागोळ्यांचं आणि सांडपाणी दुसरीकडे वळवा आणि ग्रामपंचायत किंवा तहसील कार्यालयाला कळवा.