लांताऊचा महाबुद्ध

हाँगकाँगच्या लांताऊ बेटावर, न्गाँग पिंगच्या उंच पठारावर १९०६ साली तीन चिनी भिक्षूंनी एक लहानसा मठ स्थापन केला. १९२४ मध्ये त्याचे नाव ‘पो लिन’, म्हणजे ‘अनमोल कमळ’ असे झाले. याच मठासमोरील डोंगरमाथ्यावर २९ डिसेंबर १९९३ रोजी ब्राँझच्या महाबुद्धाची प्रतिष्ठापना झाली.

मूर्तीची उंची ३४ मीटर, वजन अडीचशे टनांच्या आसपास. २०२ भाग जोडून ती घडवलेली आहे. २६८ पायऱ्या चढून वर गेले की मराठी माणसाला सारे ओळखीचे वाटते. उजवा हात अभयमुद्रेत, डावा वरदमुद्रेत आणि छातीवर स्वस्तिक! भोवतीच्या सहा देवमूर्ती फुले, धूप, दीप, फळे अशी पूजाद्रव्ये अर्पण करीत आहेत. त्या सहा पारमितांचे प्रतीक आहेत: दान, शील, क्षांती, वीर्य, ध्यान, प्रज्ञा. हे शब्द समजायला आपल्याला दुभाष्या लागत नाही.

मूर्तीची बैठक मात्र बीजिंगच्या स्वर्गमंदिरातील वेदीच्या धर्तीवर बांधलेली आहे. म्हणूनच तिला ‘तियान तान’ बुद्ध म्हणतात. मुद्रा भारताच्या, बैठक चीनची. परक्या मातीत विचार रुजतो तो असा. परदेशी संसार थाटलेल्या आपण मंडळींनी हे एकदा डोळे भरून पाहावे.