कांद्याची सोडत

१९४० साली फ्रान्स जर्मनांच्या हाती गेला आणि ब्रिटनमधला कांदाच गायब झाला! बराचसा यायचा तो समुद्रापलीकडून, फ्रान्सच्या किनाऱ्यावरून. मग काय, सोडत काढून एकेक कांदा बक्षीस द्यायला लागले लोक. सरकारची 'डिग फॉर व्हिक्टरी' मोहीम १९३९ पासून चालू होतीच: अंगण खणा, भाजी लावा.

पण उन्हाळ्यात मटार कोणीही पिकवेल हो, फेब्रुवारीत ताटात काय? मला मोहिमेतलं खरं डोकं इथे दिसतं. लीक, केल, ब्रसेल्स स्प्राउट ही थंडी सोसणारी मंडळी, पण त्यांची रोपं लावायची ऐन उन्हाळ्यात, मटार निघाला की त्याच वाफ्यात. जुलै चुकला तर हिवाळ्यात बोंब. (आमच्यासारखी डेडलाइन पुढे ढकलायची सोय नाही :-)) केल तर कडाक्याच्या थंडीत गारठल्यावर जास्तच गोड लागतो.