बाकीदार आणि वकील : इंदापूर व भीमथडीतील साऱ्याचा इतिहास

महसुलाच्या इतिहासात इंदापूर तालुक्याचे नाव एकदा फसलेल्या प्रयोगासाठी आणि त्यानंतर काही वर्षांतच त्या प्रयोगाच्या दुरुस्तीसाठी घेतले जाते. परंतु ज्याच्याकडे सारा थकला, म्हणजे दप्तराच्या भाषेत जो बाकीदार ठरला, त्याची बाजू सरकारपुढे कोणी मांडायची, हा प्रश्न त्या इतिहासात सहसा उपस्थित केला जात नाही.

पेशवाई बुडाल्यानंतर १८२८ मध्ये रॉबर्ट कीथ प्रिंगल याने हाती घेतलेल्या मोजणीत लागवडीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नाचे पंचावन्न टक्के सरकारचे धरले गेले. हिशेब कागदावर सुबक होता, पण उत्पन्नाचे आकडे चुकीचे निघाले आणि दर न झेपणारे ठरले. वसुलीसाठी कनिष्ठ नोकरांनी रयतेचा शारीरिक छळ केल्याची कबुली मुंबई सरकारने पुढे १८७२-७३ च्या आपल्याच प्रशासन अहवालात दिली. शेते ओसाड पडली आणि अनेक कुटुंबे लगतच्या संस्थानी मुलखात निघून गेली. येथे चौकशी करणारा, थकबाकी ठरवणारा आणि शिक्षा देणारा अंमलदार बहुधा एकच असे, त्यामुळे मधे वकिलाला जागाच नव्हती. बाकीदाराचा खरा बचाव म्हणजे गाव सोडणे.

१८३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातच जमिनीची प्रतवारी लावून तीस वर्षांसाठी हलका सारा ठरवला. मुदत संपल्यावर झालेल्या फेरआकारणीत दर पुन्हा चढले, आणि पुणे सार्वजनिक सभेने रयतेच्या स्थितीची चौकशी करून तक्रारी सरकारपुढे नेल्या. १८७४ मध्ये सरकारने वाढीवर मर्यादा घातल्या : तालुक्याला तेहतीस, एका गावाला सहासष्ट आणि एका खातेदाराला शंभर टक्के. सभेचे हे काम वकिलीच्या जवळचे होते, तरी त्याचे स्वरूप अर्जाचे होते, दाव्याचे नव्हते. आणि १८७६ च्या महसूल अधिकारक्षेत्राच्या कायद्याने तर साऱ्याच्या आकारणीविरुद्धचे दावे दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले.

दरम्यान १२ मे १८७५ रोजी, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात आणि आता बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी सावकारांची दुकाने लुटली गेली व कर्जखते जाळली गेली. पुणे व नगर जिल्ह्यांत ९५१ जणांना अटक झाली आणि ५०१ जण दोषी ठरले. सारा भरण्यासाठीच कर्ज काढावे लागत असल्यामुळे सावकार आणि सरकार ही एकाच ओझ्याची दोन टोके होती, पण सरकारने उपाय शोधला तो फक्त एका टोकावर.

हे १८७९ या एका वर्षाच्या दोन कायद्यांवरून उघड दिसते. दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारण कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करणे बंद केले. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांतून, न्यायाधीशाने खास परवानगी दिल्याखेरीज, वकिलांना दूर ठेवले. आणि सावकाराने वकील दिला असता ऐपत नसलेल्या शेतकऱ्यासाठी, त्याच्या संमतीने, सरकारी वकील किंवा अन्य योग्य माणूस उभा करण्याचा अधिकार कलम ६९ ने न्यायाधीशाला दिला. भारतातील मोफत कायदेशीर मदतीच्या इतिहासात या कलमाला मिळायला हवे तेवढे महत्त्व मिळालेले नाही. त्याच वर्षीच्या मुंबई जमीन महसूल संहितेने मात्र जप्ती आणि लिलावाबरोबर बाकीदाराला अटक करून मामलेदार कचेरीत दहा दिवसांपर्यंत अडकवून ठेवण्याची तरतूद केली, आणि तेथे त्याला वकील मिळवून देणारे असे कलम घातले नाही. म्हणजे खाजगी धनकोपुढे शेतकऱ्याला कायद्याने आधार दिला, परंतु धनको सरकारच असेल तर तो काढून घेतला. उदारपणाला ही मर्यादा अनवधानाने पडली असे मानणे कठीण आहे. अटकेची ती तरतूद १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही उतरली.

राज्यघटनेने अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला, आणि १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतील व्यक्तीला मोफत वकिलास पात्र ठरवले. तरीही करचौकशीत हा हक्क सावकाश पोचला, कारण अटक होईपर्यंत चौकशीला बोलावलेला माणूस आरोपी समजला जात नाही, आणि याच आधारावर १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीमाशुल्क चौकशीत वकील शेजारी बसवून घेण्याचा हक्क नाकारला होता. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील किंवा इंदापूरच्या बाजारपेठेतील व्यापाऱ्याला आज ज्या वस्तू व सेवा कर कायद्याखाली अटक होऊ शकते, तो अधिकारही, योगायोगाने, कलम ६९ चाच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेची कारणे कळवण्यासह फौजदारी प्रक्रियेतील संरक्षणे या कराच्या आणि सीमाशुल्काच्या अटकेलाही लागू असल्याचे स्पष्ट केले. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, मात्र संपूर्ण चौकशीभर तो शेजारी बसेल, असे नाही.