चांद्यातला गेमिंग पीसी: डब्बा मॉनिटरपासून १४४ हर्ट्झपर्यंत

चंद्रपूर-गडचिरोलीत ‘गेमिंग पीसी’ या नावाने संगणक मागणारं गिऱ्हाईक माझ्याकडे २०१६-१७ च्या आसपास यायला लागलं. त्याआधी वडील यायचे, ‘कॉम्प्युटर’ मागायचे, अभ्यासासाठी पाहिजे म्हणायचे. मागे उभा असलेला मुलगा मात्र वडिलांचं लक्ष दुसरीकडे गेलं की हळूच विचारायचा, “भाऊ, याच्यात व्हाइस सिटी चालते का?” म्हणजे गेमिंग पीसी तेव्हाही विकला जात होता, बिलावर तसं लिहिलं जात नव्हतं इतकंच.

मी २००१ पासून याच धंद्यात आहे. आधी जटपुरा गेटजवळच्या एका दुकानात हाताखाली होतो, नंतर स्वतःचं दुकान टाकलं. एवढी वर्षं एक गोष्ट सारखी पाहत आलो. आपल्याकडे हातात मोजके पैसे असले की ते सगळे कॅबिनेटच्या आत जातात आणि मॉनिटरला उरलंसुरलं मिळतं. ही सवय लोकांना लागली ती अडाणीपणातून नाही. तिला कारणं होती. ती कारणं संपली, सवय तेवढी राहिली.

माल आमच्याकडे कधीच थेट आला नाही. १९८४ च्या संगणक धोरणाने देशात सुटे भाग यायला वाट मोकळी झाली. १९९७ मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणकाच्या बहुतेक भागांवरचं आयात शुल्क शून्यावर आलं. दिल्लीचं नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, मग नागपूरची सीताबर्डी आणि शेवटी आम्ही, अशी उतरंड होती. नागपूरहून दीडशे किलोमीटर माल यायचा आणि प्रत्येक टप्प्यावर भाव थोडा चढायचा. एखादा बोर्ड वॉरंटीत बदलायचा तर तो त्याच वाटेने उलटा जायचा आणि महिना-महिना परत यायचा नाही. म्हणून आमच्याकडे सगळ्यात वेगवान भागाला नव्हे, तर नागपुरात हमखास बदलून मिळेल अशा भागाला मान होता. मर्क्युरीचे बोर्ड आणि टीव्हीएस गोल्डचा कीबोर्ड इथे घरोघरी होते ते त्यामुळेच.

गिऱ्हाईक ठरलेलं होतं. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) खाणीतले कामगार, ऊर्जानगरचे वीज केंद्रातले कर्मचारी, बल्लारपूरच्या पेपर मिलचे, भद्रावतीच्या आयुध निर्माणीतले, गडचांदूर-आवारपूरकडच्या सिमेंट कारखान्यांतले. दसरा-दिवाळीचा कोळसा बोनस आणि वेतनकराराची थकबाकी हा आमचा हंगाम. गडचिरोलीकडून मास्तर, वनखात्यातले आणि पोलीस यायचे. तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपला की एखाद-दुसरं कुटुंब कोरची-धानोऱ्याकडूनही यायचं. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं, सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागू लागलं आणि घरात संगणक आणायला आईवडिलांना पटेल असं कारण मिळालं. मुलांनी त्या कारणाचं सोनं केलं.

२००३ चा आमचा ठरलेला संच असा: सेलेरॉन किंवा पेंटियम ४, इंटेलचा ८४५ चिपसेट असलेला बोर्ड, १२८ एमबी रॅम, ४० जीबी हार्ड डिस्क आणि १५ इंची काचेचा मॉनिटर, ज्याला आम्ही डब्बा मॉनिटर म्हणायचो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसायचंच. त्याच वर्षी संगणकावर आलेल्या व्हाइस सिटी या गेमला ८०० मेगाहर्ट्झचा पेंटियम ३, १२८ एमबी रॅम आणि ३२ एमबीचं ग्राफिक्स पुरायचं. बोर्डावरच ग्राफिक्स असलेल्या संचात ती चालायची, अडखळत का होईना.

डब्बा मॉनिटर आष्टी-आलापल्लीच्या एसटीने न्यायचा म्हणजे एक कामच होतं. कॅबिनेट टपावर बांधलं तरी चालायचं. मॉनिटर मात्र मांडीवर घ्यायचा, काच छातीकडे आणि पाठीमागचा फुगवटा समोरच्या सीटकडे. खोक्याला सुतळी उभी-आडवी दोन वेढे आणि वर धरायला गाठ. गोंडपिपरीच्या पुढे रस्ता खराब होता, तिथे बाप आणि पोरगं दोघं मिळून खोका धरायचे. मॉनिटर मी स्वतः गाडीत चढवून द्यायचो आणि एकच सांगायचो, घरी पोचल्यावर तासभर बटण दाबू नका.

त्या जड मॉनिटरमध्ये एक गुण होता आणि तो गेल्यावरच आम्हाला कळला. त्याच्या काचेवर ठिपक्यांची संख्या कायमची ठरलेली नसते. इलेक्ट्रॉनचा झोत जेवढ्या रेषा आखेल तेवढं चित्र. संगणक कमजोर असला की गेममध्ये १०२४ बाय ७६८ ऐवजी ८०० बाय ६०० निवडायचं. ग्राफिक्सवरचं काम ७.८६ लाख ठिपक्यांवरून ४.८ लाखांवर यायचं आणि तरीही चित्र पुरेसं रेखीव दिसायचं. मॉनिटर गरीब संगणकाला सांभाळून घ्यायचा. म्हणून ‘मॉनिटर कोणताही चालतो’ हे वाक्य त्या काळात बऱ्यापैकी खरं होतं. आमच्या सवयीचं मूळ इथे आहे.

एक काम मात्र मी प्रत्येक घरी करून द्यायचो. विंडोज बसवलं की मॉनिटर ६० हर्ट्झवर असायचा, म्हणजे चित्र सेकंदाला ६० वेळा आखलं जायचं. काचेच्या नळीवर ६० म्हणजे थरथर. तासाभरात डोळे चुरचुरायचे, डोकं धरायचं. प्रॉपर्टीज, सेटिंग्ज, अॅडव्हान्स्ड, मॉनिटर, आणि तिथे ८५. दोन मिनिटांचं काम. ज्यांना ते कुणी करून दिलं नाही, त्यांच्या घरी ‘कॉम्प्युटरने पोराचे डोळे गेले’ असं बोललं जायचं.

२००६ ते २००९ या काळात चपटे मॉनिटर आले आणि डब्बे भंगारात गेले. टेबलावर जागा झाली, वीज वाचली, एसटीतला त्रास संपला. मी स्वतः ते आनंदाने विकले. पण एलसीडीत ठिपके कारखान्यातूनच ठरून येतात. आमच्याकडे सगळ्यात जास्त खपला तो १८.५ इंची, १३६६ बाय ७६८ चा. म्हणजे साडेदहा लाख ठिपके. त्यावर ८०० बाय ६०० चा गेम लावला की चित्र ताणून पुसट दिसतं. पुढे १९२० बाय १०८० आलं, ते २०.७ लाख ठिपके. आता ठिपके मॉनिटर सांगणार आणि तेवढे भरायची जबाबदारी कार्डाची. मॉनिटर आधी ठरवून त्याच्या जोडीचं कार्ड घ्यायला हवं होतं. आम्ही, दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही, जुन्याच क्रमाने चालत राहिलो.

त्यात कार्डं विकायची एक वाईट रीत बाजारात पडली: जीबी मोजून. “किती जीबीचं कार्ड आहे?” हा एकच प्रश्न. जी-फोर्सचं जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड याचा नमुना. एकाच नावाने ते वेगवेगळ्या मेमरीत मिळायचं. ६४ बिटच्या डीडीआर३ मेमरीचं कार्ड सेकंदाला १४.४ जीबी माहिती हलवायचं, जीडीडीआर५ चं ४० जीबी. पण ४ जीबी लिहिलेला खोका डीडीआर३ चा असायचा आणि २ जीबी लिहिलेला वेगवान. मुलं हट्टाने ४ जीबीचं न्यायची. काउंटरवर कागद घेऊन हा हिशेब मी कितीतरी जणांना मांडून दाखवला असेल. निम्म्यांना पटायचा.

नागपूर-पुण्याच्या मुलाला नसलेला एक खर्च आमच्या भागात कायम राहिला. तो हवेचा आणि विजेचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूर देशात चौथं होतं. घुग्घुस-दुर्गापूरकडचं कॅबिनेट उघडलं की आत काळी, चिकट भुकटी असते. प्रोसेसरच्या पंख्याखालच्या पात्यांमध्ये ती अशी बसते की फुंकून निघत नाही, ब्रश आणि ब्लोअर दोन्ही लागतात. मे महिन्यात पारा ४७-४८ ला जातो, म्हणून घरोघरी वाळ्याचा कूलर, आणि संगणक बरोबर त्याच्या झोतात, कारण पोरगंही तिथेच बसतं. ओली हवा आणि कोळशाची धूळ मिळून लेप तयार होतो. रॅमचे सोनेरी दात काळवंडतात आणि संगणक चालू केला की नुसती बीप-बीप, पडद्यावर काही नाही. उपाय शाळेतला खोडरबर: रॅम काढायची, दात हलक्या हाताने घासायचे, कोरड्या फडक्याने पुसून परत बसवायची. पहिल्या पावसात माझ्याकडे या कामाची रांग लागते.

विजेचं तर काय सांगावं. इथलं महाऔष्णिक केंद्र आज २९२० मेगावॉटचं आहे, राज्यातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी. आणि २००५ नंतरची काही वर्षं याच जिल्ह्याच्या खेड्यांनी बारा-बारा तासांचं भारनियमन सोसलं. हे मला तेव्हाही अन्यायाचं वाटत होतं, आजही वाटतं. वीज जाता-येता दाब उसळायचा आणि स्वस्तातला एसएमपीएस, म्हणजे संगणकाचा वीजपुरवठा, उडायचा. कधी जाताना बोर्डही घेऊन जायचा. बाजारातल्या साध्या एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेलं असतं, पण तेवढे तो देईलच असं नाही. आणि घरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. त्यामुळे आमच्याकडे कार्डाची पहिली परीक्षा वेगाची नसते, वॉटची असते.

ऑक्टोबर २०१६ मध्ये आलेलं जीटीएक्स १०५० टीआय या परीक्षेत उतरलं. ७५ वॉट, बोर्डाच्या खाचेतूनच वीज घेणारं, वेगळी वायर नको. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं होतं आणि मुलं यूट्यूबवर पाहून मॉडेलचे नंबर पाठ करून यायला लागली. ‘गेमिंग पीसी’ हा शब्द दुकानात आला तो तेव्हा. पण त्या कार्डाला जुनी व्हीजीए जोडणी नव्हती. घरी होता तो १८.५ इंची, फक्त व्हीजीए असलेला मॉनिटर. आलापल्लीचा एक मुलगा कार्ड घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी फोन, “भाऊ, केबलच बसत नाही.” मग कन्व्हर्टर, आणि तो कन्व्हर्टर तापून पडदा मधेच काळा. वर्षभर साठवलेल्या पैशाचं कार्ड आणि त्याच्यासमोर साडेदहा लाख ठिपक्यांचा जुना पडदा. कार्डाची निम्मी ताकद वापरलीच जात नव्हती.

करानेही या सवयीला हात दिला. जीएसटीत २० इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के होते, त्याहून मोठ्यावर २८. छोटा पडदाच परवडायचा. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंत १८ टक्के झाले आणि २२-२४ इंची मॉनिटर आमच्या गिऱ्हाइकाच्या टप्प्यात आला. त्याआधी फेब्रुवारी २०१८ मध्ये एएमडीचं रायझन ३ २२००जी आलं होतं. वेगळ्या कार्डाशिवाय त्यावर बरेच गेम खेळता यायचे आणि कार्डाचे वाचलेले पैसे मॉनिटरला लावता यायचे. माझ्या मते आमच्या भागासाठी बनलेला तो सगळ्यात सोयीचा प्रोसेसर. कमी वॉट, कमी उष्णता, बदलायला एक वस्तू कमी.

२०२० ते २२ मध्ये मात्र सामान्य मुलाची कोंडी झाली. जून २०२० मध्ये व्हॅलोरंट हा संगणकावरचा गेम आला, सप्टेंबरमध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली. मोबाइलवरची मुलं संगणकाकडे वळली ती नेमकी कार्डांचे भाव दुप्पट होत असताना. चिपचा तुटवडा होता आणि आभासी चलनासाठी कार्डं घाऊक उचलली जात होती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवरचं मायनिंग थांबवलं आणि वापरलेली कार्डं बाजारात आली. आरएक्स ५८० सारखी १८५ वॉटची कार्डं स्वस्तात मिळू लागली. आमच्या यूपीएसवर आणि आमच्या उन्हाळ्यात ती मी बसवून देत नाही. गिऱ्हाईक रागावून गेलं तरी चालेल.

आता २४ इंची, १९२० बाय १०८० चा, १०० ते १८० हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आहे. २७ इंचीचा मोह होतो, पण तेवढेच ठिपके मोठ्या काचेवर पसरले की इंचाला ९२ ऐवजी ८२ पडतात आणि जवळून अक्षरं फुटलेली दिसतात. २७ घ्यायचा तर २५६० बाय १४४० चा, म्हणजे जवळपास ३७ लाख ठिपके. ते भरणारं कार्ड कमी बजेटमध्ये बसत नाही. मुलगा व्हॅलोरंट खेळणारा असेल तर जास्त हर्ट्झवर पैसे घाला, कारण तो गेम हलका आहे आणि साधं कार्डही सेकंदाला शंभराच्या वर चित्रं देतं. मोठे, गोष्टीचे गेम खेळणारा असेल तर १०० हर्ट्झ पुष्कळ; वाचलेले पैसे कार्डाला द्या.

माझी विनंती चंद्रपूर-गडचिरोलीतल्या पालकांना आणि मुलांना आहे. बजेटचा कागद मॉनिटरपासून लिहायला घ्या, दुसऱ्या ओळीवर चांगला एसएमपीएस आणि यूपीएस लिहा, कार्ड तिसऱ्या ओळीवर. कूलरच्या झोतातून संगणक हलवा. दर महिन्याला दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत मला अजून १४४ हर्ट्झचे मॉनिटर ६० वर लावलेले सापडतात आणि काहींची केबल कार्डाऐवजी बोर्डाला जोडलेली असते. तेव्हा बिल देण्याआधी दुकानदाराला डिस्प्लेची सेटिंग उघडून आकडा दाखवायला सांगा, आणि केबल कुठे लावली ते स्वतः मागे वाकून पाहा.