खडवलीची गाडी आणि भाताचे शेत

संभाव्यतेच्या पाठात नाणे, फासे आणि पत्ते यांचे राज्य असते. फाशाच्या बाजू सहा, पत्ते बावन्न. म्हणजे शक्यता मोजता येतात. आता कल्याण-कसारा मार्गावर टिटवाळ्यानंतर लागणाऱ्या खडवली स्थानकाचे उदाहरण घेऊ. समजा, कल्याणकडे जाणारी गाडी दर ३० मिनिटांनी येते आणि एक प्रवासी वेळापत्रक न पाहता फलाटावर येतो. त्याला १० मिनिटांच्या आत गाडी मिळण्याची संभाव्यता किती? येथे क्षण अगणित आहेत, ते मोजता येत नाहीत. मापता येते ती लांबी. ३० मिनिटांच्या रेषाखंडातील शेवटच्या १० मिनिटांत तो आला पाहिजे, म्हणून उत्तर १/३. सरासरी १५ मिनिटे थांबावे लागेल. समान लांबीच्या तुकड्यांना समान संभाव्यता, हेच एकसमान वितरण.

मोजण्याऐवजी मापण्याची ही युक्ती आली कोठून? पास्कल आणि फर्मा यांनी १६५४ साली पत्रांतून जुगाराचे जे प्रश्न सोडवले, ते मोजण्याचे होते. १७३३ साली ब्यूफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक नवा खेळ मांडला. चौकोनी फरश्यांच्या जमिनीवर नाणे टाकायचे. ते एकाही रेषेला न शिवता एकाच फरशीत पडेल का? उत्तर सोपे आहे. फरशीची बाजू १० सेंटिमीटर आणि चकतीचा व्यास २ सेंटिमीटर असेल, तर चकतीचा मध्यबिंदू प्रत्येक कडेपासून किमान १ सेंटिमीटर आत हवा. म्हणजे तो ८ सेंटिमीटर बाजूच्या चौरसात पडला पाहिजे. संभाव्यता ६४/१००. क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढले की काम झाले.

पण ‘समान’ म्हणजे नेमके काय समान? ही शंका १८८९ साली बर्त्राँ या गणितज्ञाने ऐरणीवर आणली. वर्तुळात एक जीवा ‘कशीही’ काढा. आत काढलेल्या समभुज त्रिकोणाच्या बाजूपेक्षा ती मोठी असण्याची संभाव्यता किती? जीवेची टोके परिघावर समान संभाव्यतेने घेतली तर १/३. जीवेचे केंद्रापासूनचे अंतर तसे घेतले तर १/२. तिचा मध्यबिंदू वर्तुळाच्या क्षेत्रात तसा घेतला तर १/४. तिन्ही उत्तरे बरोबर, कारण प्रश्न तीन वेगळे आहेत. ‘कशीही’ या शब्दात गृहीतक लपलेले असते.

खडवलीच्या फलाटावरही हे दिसते. तासाला गाड्या दोनच, पण त्यांमधील अंतर आलटून पालटून १० आणि ५० मिनिटे आहे असे धरा. १० मिनिटांच्या आत गाडी मिळण्याची संभाव्यता पुन्हा २०/६०, म्हणजे १/३ च. मात्र प्रवासी ५० मिनिटांच्या मोठ्या अंतरात येण्याची संभाव्यता ५/६ आहे आणि तेथे त्याला सरासरी २५ मिनिटे थांबावे लागते. लहान अंतरात ५ मिनिटे. एकूण सरासरी ५/६ × २५ + १/६ × ५, म्हणजे सुमारे २१ मिनिटे ४० सेकंद. ‘तासाला दोन गाड्या, म्हणजे १५ मिनिटे’ हा हिशेब येथे चुकतो.

या गणिताचा खरा कस मात्र शेतात लागला. पूर्वी पीक किती आणे आले, हे महसूल खाते नजरेने ठरवी. या आणेवारीवर सारा माफ किंवा तहकूब होणे अवलंबून असे. नजर चुकली तर भुर्दंड शेतकऱ्याला. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात कृषी संशोधन परिषदेत काम करताना पीक कापणी प्रयोगांची पद्धत घडवली. शेतातला ‘बरा दिसणारा’ तुकडा निवडायचा नाही. एका कोपऱ्यापासून मोजायची दोन अंतरे यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यातून घ्यायची. असा ४१,६०० अंकांचा तक्ता टिपेट यांनी १९२७ सालीच छापला होता. शेत ६० मीटर बाय ४० मीटर आणि तुकडा १० मीटर बाय ५ मीटर असेल, तर अंतरे ० ते ५० आणि ० ते ३५ यांतून निवडावी लागतात, नाहीतर तुकडा बांधाबाहेर जाईल. ब्यूफाँची वजाबाकी ती हीच!

सुखात्मे यांनी १९४६ साली आणखी एक गोष्ट दाखवली: फार लहान तुकडे घेतले तर उत्पन्न फुगवून येते. सीमेवरचे रोप आत की बाहेर, या संभ्रमात कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. १ मीटर बाजूच्या चौरसाला दर चौरस मीटरमागे ४ मीटर सीमा असते. १० बाय ५ च्या तुकड्याला फक्त ०.६ मीटर. संख्या निःपक्षपाती असूनही कडेवर पक्षपात शिरतो.

म्हणून आम्हांला वाटते, की वर्गात सूत्राआधी दोन प्रश्न विचारावेत: येथे काय समान धरले आहे, आणि ते तसे का धरावे? मग मुलांना फरशीवर चकती शंभर वेळा टाकू द्यावी. सूत्राचे उत्तर आणि प्रयोगाचे उत्तर दूर राहिले, तर टाकणाऱ्याच्या हाताकडे आणि रेषांच्या जाडीकडे पाहावे. धडा तेथेच सापडेल.