१२३४५६७८९८७६५४३२१

१२३४५६७८९८७६५४३२१ : १११११११११ (नऊ वेळा १) या संख्येचा वर्ग. सतरा अंकी, डावीकडून वा उजवीकडून सारखीच वाचली जाते. ‘लीलावती’तील स्थाननामांप्रमाणे तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी येतो. ‘परार्ध’ एकच घर पुढे. द. रा. कापरेकर यांच्या डेम्लो संख्यांपैकी ही बहुधा सर्वांत परिचित होय.

रचना : गुणाकार कागदावर मांडला की नऊ ओळी होतात. प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ वरचीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उजव्या टोकाच्या स्तंभात एकच १ पडतो, त्याच्या डावीकडे दोन, मग तीन. मधल्या स्तंभात नऊ, आणि तेथून पुन्हा उतार. कोणत्याही स्तंभाची बेरीज नवाच्या वर जात नाही. त्यामुळे हातचा राहत नाही आणि बेरजा जशाच्या तशा उत्तरात उतरतात. दहा एकांच्या वर्गात मधली बेरीज दहा होते, हातचा पुढे जातो आणि सममिती मोडते : १२३४५६७९००९८७६५४३२१. अष्टमान पद्धतीत हीच गत आठ एकांवर होते. तेव्हा या सममितीचे श्रेय संख्येपेक्षा लेखनपद्धतीला अधिक.

अवयव : ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग. एकूण विभाजक ४५. हे मात्र कोणत्याही पद्धतीत लिहिले तरी बदलत नाही.

अंकांची बेरीज ८१. संख्येला ८१ ने गुणल्यास ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो. भागल्यास १२३४५६७९ चा, म्हणजे शाळकरी कोड्यांतल्या त्या ‘आठ नसलेल्या’ संख्येचा.

इतिहास : अशा ‘माळांचे’ आकर्षण जुने आहे. नवव्या शतकात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त २७९९४६८१ × ४४१ या गुणाकारातून १२३४५६५४३२१ ही संख्या काढून दाखविली, ती सहा एकांचा वर्ग आहे.

डहाणूत १९०५ साली जन्मलेले आणि देवळालीला शाळेत शिकविणारे कापरेकर यांचा या संख्यांवरील लेख ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात १९३८ मध्ये आला. ‘डेम्लो’ हे नाव मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरच्या, तत्कालीन जी. आय. पी. रेल्वेवरील स्थानकावरून आल्याचे सांगतात. हे स्थानक म्हणजे डोंबिवली, असे मानले जाते. त्यांची मूळ व्याख्या अधिक व्यापक होती : दोन टोकांच्या भागांची बेरीज मधल्या पुनरावृत्त अंकाइतकी भरली पाहिजे. १६५ (१ + ५ = ६) व २५५३ (२ + ३ = ५) याही त्यामुळे डेम्लो संख्या ठरतात. पुष्कळ ठिकाणी आता हे नाव केवळ एकांच्या वर्गांपुरते वापरले जाते.

उपयोग : मनोरंजक गणितात.