तुंबाडचं नाव, सासवडचा वाडा

श्री. ना. पेंडसे जन्मले दापोली तालुक्यातल्या मुर्डीत, 1913 साली. नोकरी केली मुंबईत, बेस्टमध्ये. लिहीत राहिले ते मात्र मुख्यतः दापोली-खेडकडच्या माणसांबद्दलच. ‘एल्गार’ 1949 मध्ये आली, ‘हद्दपार’ 1950 मध्ये, ‘गारंबीचा बापू’ 1952 मध्ये. नेमक्या याच काळात, 1949 च्या कायद्याने, कोकणातली खोती मोडीत निघत होती. गावचा वसूल गोळा करणारा, कुळांवर हुकमत गाजवणारा खोत सरकारदप्तरातून जात असताना पेंडसे त्याची ओटी, भाऊबंदकी आणि त्याच्यापुढे मान न लववणारी माणसं कागदावर उतरवत होते. रत्नागिरीचा हा इतिहास दप्तरांपेक्षा कादंबऱ्यांतच जास्त जिवंत राहिला आहे, आणि त्यांचा सिनेमा होताना तोच सर्वांत आधी गळतो.

‘गारंबीचा बापू’ आधी रंगभूमीवर आला. नाटक पेंडशांनीच लिहिलं. 1980 मध्ये चित्रपट आला. बापू झाले काशिनाथ घाणेकर, जन्माने चिपळूणचे आणि तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेले. बापू आणि त्याची प्रेयसी राधा यांचं बंड पडद्यावर मावतं. पण कादंबरीतला बापू गावाच्या तोंडून घडतो: कोण काय बोललं, कोणी पाठ फिरवली, पैसा आल्यावर कोणाचा सूर बदलला. वर्षानुवर्षं मुरत गेलेली ही कुजबुज दोन-अडीच तासांत कशी मुरणार?

जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या एका कथेचं तर पडद्यावर जाताना स्थलांतरच झालं. 1981 पर्यंत वेंगुर्लेही रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. तिथल्या चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’वर श्याम बेनेगल यांनी 1978 मध्ये हिंदीत ‘कोंडुरा’ आणि तेलुगूत ‘अनुग्रहम्’ केला, आणि गोष्ट आंध्रात नेली. अनंत नाग, स्मिता पाटील, अमरीश पुरी. चित्रपट ताकदीचाच आहे. तरी कोंडुरा हे वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरचं खरं ठिकाण. तिथली मराठी-मालवणी बोली सुटली की तिच्या वळणातून येणारी देवाची भीतीही सुटते.

‘तुंबाड’ची तऱ्हा आणखी वेगळी. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ 1987 ची, दोन खंडांची. जगबुडीच्या काठावरच्या खोत घराण्याच्या चार पिढ्या तीत आहेत. राही अनिल बर्वे यांच्या 2018 च्या ‘तुंबाड’ने तिचं नाव घेतलं, कथा घेतली नाही; चित्रपटातल्या आजीच्या प्रसंगामागे नारायण धारपांची भयकथा आहे. त्यामुळे कादंबरी बिघडवल्याचा दोष या चित्रपटाला देता येत नाही. पाऊस तर त्याने फार प्रामाणिकपणे पकडला. त्यासाठी अनेक पावसाळे चित्रीकरण चाललं. पण आज देशभर ‘तुंबाड’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो चित्रीकरणाला वापरलेला देशावरचा, सासवडचा पुरंदरे वाडा: उंच तट, भक्कम दरवाजा. कोकणातल्या खोताचं घर जांभ्या चिऱ्याचं, कौलारू, पुढे ओटी-पडवी असलेलं. कुळं येऊन टेकायची ती याच पडवीत, आणि मक्ता, फाळा, वायद्यांची बोलणी व्हायची ती याच ओटीवर.